इस्पितळातले आजार : गोमंतकाच्या इतिहासातून प्रतिजैविकांच्या प्रश्नाकडे



आपण गोमंतकीय मराठी माणसे लिहिताना कधी 'रुग्णालय' लिहितो, पण बोलताना हमखास 'इस्पितळ' म्हणतो. देशावरचा माणूस 'दवाखाना' म्हणतो. 'इस्पितळ' हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला आणि शब्दाबरोबर ती वास्तूही आली. त्यापूर्वी पेडणे, डिचोली, सत्तरीच्या गावांत आजारी माणूस आपल्या घरातच पडून असे. वैद्य त्याच्याकडे जाई, काढा घरच्या चुलीवर उकळे. शेकडो आजारी माणसांना एका छपराखाली ओळीने निजवावे आणि तिथे त्यांची शुश्रूषा करावी, ही कल्पना या भूमीला नवी होती. कल्पना चांगलीच होती. पण शंभर आजारी एकत्र आले की उपचार जसे सोपे होतात, तसाच आजारालाही एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याचा रस्ता सोपा होतो. आज मी त्या रस्त्याचा इतिहास सांगणार आहे, कारण तो रस्ता बांबोळीपर्यंत आणि तिथून आपल्या माजघरापर्यंत येऊन पोचला आहे.

होमिओपॅथीच्या डॉक्टराने अँटिबायोटिकवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. मी साबुदाण्याएवढ्या गोळ्या देणारा माणूस आहे. पण एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. रक्तात जंतुसंसर्ग पसरलेला, रक्तदाब उतरलेला रुग्ण समोर आला तर त्याला माझ्या गोळ्यांवर ठेवण्याचा विचारही मी करीत नाही. त्याला त्या क्षणी इस्पितळ आणि प्रतिजैविक औषध हवे असते, आणि ते औषध लागू पडायला हवे असते. ते लागू पडेनासे झाले तर माझी पॅथी, वैद्यबुवांची पॅथी आणि सर्जनची पॅथी, सगळ्यांचेच रुग्ण दगावतील. म्हणून हा प्रश्न कोणा एका पॅथीच्या मालकीचा नाही.

राजाचे इस्पितळ

१५१० साली आल्बुकेर्कने गोवा जिंकला. त्यानंतर थोड्याच वर्षांत आजच्या जुन्या गोव्यात, मांडवीच्या काठी, राजाच्या खर्चाचे इस्पितळ उभे राहिले. लिस्बनहून सहा-सहा महिने समुद्रावर काढून येणारे सैनिक स्कर्व्हीने हिरड्या सुजलेल्या, तापाने फणफणलेल्या अवस्थेत धक्क्यावर उतरत. त्यांच्यासाठी ते होते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा कारभार जेझुइट पाद्र्यांकडे होता.

फ्रान्स्वा पिरार नावाचा फ्रेंच प्रवासी १६०८ साली याच इस्पितळात रुग्ण म्हणून दाखल झाला. त्याने जे लिहून ठेवले ते वाचून आजही आश्चर्य वाटते. जगात याच्या तोडीचे इस्पितळ नसेल असे त्याचे मत. स्वच्छ पलंग, ठरावीक दिवसांनी बदललेल्या चादरी, चांदीच्या ताटांत जेवण, वेळच्या वेळी वैद्यांची फेरी. पुढे याच शतकात ताव्हेर्निये हा दुसरा फ्रेंच माणूस, जवाहिऱ्याचा धंदा करणारा, गोव्याला आला. त्याने लिहिले की एके काळी नावाजलेले हे इस्पितळ व्यवस्थापन बदलल्यापासून बिघडले असून, आत गेलेले अनेक युरोपीय बाहेर येतात ते थडग्याकडे नेण्यासाठीच. रुग्णांचे रक्त तीस-चाळीस वेळासुद्धा काढण्याची रीत तिथे होती, असेही तो नोंदवतो.

इमारत तीच, हवामान तेच, रक्त काढण्याचे शास्त्रही त्या काळच्या युरोपाचेच. फरक पडला तो कारभारात. इस्पितळाचे यश औषधाइतकेच तिथल्या व्यवस्थेवर अवलंबून असते, हा धडा आपल्या मांडवीकाठी साडेतीनशे वर्षांपूर्वी लिहिला गेला आहे.

पण या धड्याला दुसरीही बाजू आहे. पिरारच्या काळातले ते चकचकीत इस्पितळही फार माणसे वाचवू शकत नव्हते. डच माणूस लिन्स्कोटेन १५८३ पासून काही वर्षे गोव्यात होता. वर्षाला पाचशेहून अधिक माणसे तिथे आत जातात ती मेल्यावरच बाहेर येतात, असे तो सांगतो. सतराव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत या एका इस्पितळात पंचवीस हजार सैनिक मेले, हा आकडा इतिहासकार बॉक्सर यांनी दिलेला आहे. चादरी स्वच्छ होत्या, ताटे चांदीची होती. पण विहिरींचे पाणी दूषित होते, दलदलीतून डास येत होते आणि हात कोणी धूत नव्हते. डोळ्यांना दिसणारी घाण त्यांनी काढली. न दिसणारी घाण असते, हेच कोणाला ठाऊक नव्हते.

याच शहरात १५६३ साली गार्सिया द ओर्ता या वैद्याचा ग्रंथ छापला गेला. त्यात पटकीचे वर्णन आहे आणि त्या आजारासाठी त्याने इथल्या लोकांच्या तोंडचाच शब्द उचलला आहे. तो शब्द म्हणजे आपली 'मोडशी'. पोर्तुगीजांनी त्याचे 'मोर्देशी' केले आणि तो युरोपभर गेला. आजाराचे नाव आपण युरोपला दिले. आजाराचे कारण कळायला मात्र आणखी तीनशे वर्षे जावी लागली.

जुने गोवे अखेर तापाने आणि साथींनी ओस पडले. पेडणे, डिचोली, सत्तरी हे आपले महाल अठराव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत पोर्तुगीजांकडे गेले, तोपर्यंत त्या वैभवशाली शहरात झाडे उगवू लागली होती. १८४२ साली वैद्यकीय शाळा सुरू झाली, पुढच्याच वर्षी पणजीला राजधानीचा दर्जा मिळाला. आशिया खंडातल्या जुन्या वैद्यकीय शाळांत तिची गणना होते. मुक्तीनंतर, १९६३ साली, तिचेच गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले, आपले 'गोमेकॉ'. पणजीतल्या मांडवीकाठच्या तिच्या जुन्या इमारतीत आता चित्रपट महोत्सवाचे कार्यालय आहे. इस्पितळ केव्हाच बांबोळीच्या पठारावर गेले.

हात धुण्याचा शोध

पणजीची शाळा सुरू झाल्यावर पाच वर्षांनी, १८४७ साली, व्हिएन्ना शहरात सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टरने एक साधे निरीक्षण केले. त्याच्या इस्पितळात बाळंतपणाचे दोन विभाग होते. एकात सुइणी काम करीत, दुसऱ्यात डॉक्टर आणि विद्यार्थी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतिणी सूतिकाज्वराने कितीतरी अधिक मरत. गरोदर बायका त्या विभागात जाऊ नये म्हणून हातापाया पडत. त्याच वर्षी सेमेलवाइसचा एक मित्र शवविच्छेदन करताना सुरी लागून मेला आणि त्याच्या प्रेतात तेच विकार आढळले जे बाळंतिणींच्या प्रेतांत आढळत. डॉक्टर शवगृहातून थेट बाळंतिणीकडे येतात आणि हातांवरून मरण घेऊन येतात, हे सेमेलवाइसला उमगले. त्याने क्लोरीनच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये अठरा टक्क्यांवर असलेले मृत्यूंचे प्रमाण जून-जुलैमध्ये दोन टक्क्यांच्या आसपास आले.

तेव्हा जंतूंचा सिद्धांत मांडला गेलेला नव्हता आणि एकही प्रतिजैविक औषध अस्तित्वात नव्हते. केवळ हात धुतल्याने मृत्यू उतरले. तरी त्याच्या सहकाऱ्यांनी त्याचे ऐकले नाही. सभ्य गृहस्थांचे हात अस्वच्छ असूच शकत नाहीत, अशी त्यांची समजूत होती. १८६५ साली सेमेलवाइस वेड्यांच्या इस्पितळात मेला.

महाराष्ट्रात इस्पितळाची भीती घरोघर पोचली ती प्लेगच्या साथीत. १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला तो आपल्याच हडफड्याच्या डॉ. आकासियु गाब्रिएल व्हियेगस यांनी. पुढच्या वर्षी साथ पुण्यात पोचली. 'इस्पितळात नेले की माणूस परत येत नाही' हे वाक्य त्या काळात अनेक घरांत बोलले गेले असेल. १८९७ च्या मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता स्वतः त्याच आजाराने गेल्या. शुश्रूषा करणाऱ्यालाच आजार गाठतो, ही आपल्या समाजाच्या स्मरणातली सर्वांत ठळक घटना आहे. सावित्रीबाईंचे बलिदान आपण आठवतो. त्यातला हा वैद्यकीय धडा मात्र आपण फारसा सांगत नाही.

पेनिसिलिन आणि पिंपरी

१९२८ साली लंडनच्या सेंट मेरी इस्पितळात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना बुरशीच्या कडेचे जंतू विरघळलेले दिसले. औषध माणसांपर्यंत पोचायला १९४० चे दशक उजाडावे लागले. ते काम ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. आता पुढची गोष्ट लक्षात घ्या. १९४० च्या डिसेंबरात, पेनिसिलिन बाजारात यायच्या कितीतरी आधी, याच ऑक्सफर्डच्या अब्राहम आणि चेन यांनी लिहून ठेवले की पेनिसिलिन नष्ट करणारा एक पाचक पदार्थ काही जंतूंकडे असतो. म्हणजे कुलूप बाजारात यायच्या आधीच चोराकडे किल्ली होती. १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना फ्लेमिंग यांनी इशारा दिला की कमी मात्रेत औषध घेणारा माणूस आपल्या शरीरातल्या जंतूंना औषध पचवायला शिकवील आणि असे शिकलेले जंतू दुसऱ्याला देईल.

इशारा किती लवकर खरा ठरला, ते लंडनच्याच एका इस्पितळात मेरी बार्बर या डॉक्टरबाईंनी मोजले. गळवे आणि जखमा पिकवणाऱ्या स्टॅफिलोकोकस जंतूंपैकी पेनिसिलिनला दाद न देणारे १९४६ साली चौदा टक्के होते, १९४७ साली अडतीस टक्के आणि १९४८ साली एकोणसाठ टक्के. दोन वर्षांत चौपट. ही वाढ गावात झाली नव्हती, इस्पितळात झाली होती. कारण सोपे आहे. जिथे औषध सर्वांत जास्त वापरले जाते तिथे त्या औषधाला दाद न देणारा जंतूच तेवढा जगतो. मग त्याला डॉक्टरच्या, नर्सच्या, भेटीला आलेल्या नातेवाइकाच्या हातांवरून शेजारच्या खाटेवर जाता येते. तिथे जखम उघडी असते, लघवीची नळी घातलेली असते, अंगात ताकद नसते. पेनिसिलिनला निगरगट्ट झालेल्या या जंतूंसाठी मेथिसिलिन आले आणि १९६१ साली त्यालाही न जुमानणारे जंतू इंग्लंडमध्ये सापडले.

आपल्याकडे याच सुमारास आशेचे दिवस होते. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढच्या वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पंडित नेहरूंना या कारखान्याचे मोठे कौतुक होते. बुरशीच्या आजारांवरचे हॅमायसिन हे औषध डॉ. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पिंपरीत शोधले. त्याच्या नावातली पहिली दोन इंग्रजी अक्षरे या कारखान्याच्या नावाची. न्यूमोनियाने, बाळंतरोगाने, पायाला खिळा लागून माणसे मरत, तो काळ आपल्या आजोबा-आजींनी पाहिला होता. त्यांच्या दृष्टीने ते इंजेक्शन म्हणजे चमत्कार होता, आणि चमत्कार म्हणण्यात त्यांची चूक नव्हती. त्या इंजेक्शनांमुळे आपल्यापैकी कित्येकांचे आईवडील जगले आणि म्हणून आपण आज या सभागृहात बसलो आहोत.

पण चमत्कारावर श्रद्धा बसली की माणूस हात धुवायचे विसरतो. सेमेलवाइसने जे शिकवले ते पेनिसिलिनने मागे पडले. जखम पिकली तर पिकू दे, इंजेक्शन आहेच, असा धीर सगळ्यांना आला.

जंतू एकमेकांना काय शिकवतात

इथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. आपली विद्या बापाकडून मुलाकडे जाते. जंतूंची विद्या शेजाऱ्याकडेही जाते. १९५० च्या दशकात जपानमध्ये आमांशाचे असे जंतू सापडले की जे एकाच वेळी अनेक औषधांना दाद देत नव्हते. १९५९ साली तिथल्या संशोधकांनी दाखवून दिले की ही ताकद एका जातीचा जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूला प्रत्यक्ष भेटीत देऊ शकतो. जंतूच्या पेशीत मुख्य गुणसूत्राखेरीज आनुवंशिक द्रव्याची छोटी गोल कडी असते, तिला प्लाझ्मिड म्हणतात. ती कडी म्हणजे हातोहात देता येणारी पोथीच. पोटातल्या निरुपद्रवी जंतूने ती आज मिळवली, तर उद्या न्यूमोनियाच्या जंतूच्या हाती ती लागू शकते.

म्हणूनच विषाणूच्या साध्या सर्दीत घेतलेल्या अँटिबायोटिकचा काही उपयोग होत नाही, तोटा मात्र होतो. सर्दीचा विषाणू त्या औषधाने मरत नाही. मरतात ते आतड्यातले निरपराध जंतू. त्यांची रिकामी जागा घेतात ते पोथी वाचलेले.

या पोथीचे सर्वांत गाजलेले पान आपल्याच देशाच्या नावाने ओळखले जाते. मूळ भारतीय असलेला स्वीडनचा एक रहिवासी दिल्लीत इस्पितळात उपचार घेऊन २००८ च्या सुरुवातीला परत गेला. त्याच्या लघवीत क्लेब्सिएला जातीचा असा जंतू सापडला की कार्बापेनेम या राखून ठेवलेल्या, शेवटच्या फळीतल्या औषधांनाही तो दाद देत नव्हता. त्याच्याकडे जे नवे विकर होते त्याला संशोधकांनी 'न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज', थोडक्यात एनडीएम-१, असे नाव दिले. २०१० साली ही बातमी जगभर पसरली तेव्हा आपल्याकडे नावावरूनच मोठा गदारोळ झाला. राजधानीची बदनामी, वैद्यकीय पर्यटन बुडवण्याचा डाव, असे बरेच बोलले गेले.

नावाचा राग समजण्यासारखा होता. पण त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, तो गदारोळ सुरू व्हायच्या आधीच, मुंबईतील पी. डी. हिंदुजा रुग्णालयातल्या संशोधकांनी आपल्या डॉक्टरांच्या नियतकालिकात आकडे छापले होते. २००९ मधल्या तीन महिन्यांत कार्बापेनेमला न जुमानणारे चोवीस जंतू त्यांना मिळाले, त्यांतल्या बावीस जंतूंकडे हेच विकर होते. म्हणजे जे परदेशी लोक सांगत होते ते आपल्या माणसांनी आधीच प्रामाणिकपणे सांगितले होते. माझ्या मते त्या सगळ्या प्रकरणातली अभिमान बाळगावी अशी गोष्ट हीच होती, पण चर्चा नावाचीच झाली. २०११ साली दिल्लीच्या नळाच्या पन्नास नमुन्यांपैकी दोनांत आणि साचलेल्या सांडपाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ नमुन्यांत तेच जनुक आढळले. आजार आता इस्पितळाच्या भिंतींत राहिलेला नव्हता.

सर्वांत लहान जिवांचे काय होते? दिल्लीच्या तीन मोठ्या इस्पितळांतल्या नवजात अर्भकांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. रक्तात जंतुसंसर्ग झालेल्या बाळांत सर्वाधिक आढळला तो अ‍ॅसिनेटोबॅक्टर हा मुख्यतः इस्पितळात वास्तव्य करणारा जंतू, आणि त्याचे सुमारे ८२ टक्के नमुने अनेक औषधांना दाद न देणारे होते. साऱ्या जगाचा हिशेब २०२२ च्या आरंभी 'लॅन्सेट'मध्ये आला. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे थेट झालेले मृत्यू सुमारे १२ लाख ७० हजार. ज्या मृत्यूंत या जंतूंचा हात होता ते सुमारे ४९ लाख ५० हजार.

आपल्या अंगणात

आता पेडणे-डिचोलीकडे येऊ. आपल्याकडे रुग्ण आधी गावातल्या दवाखान्यात, मग तुये किंवा डिचोलीच्या सरकारी केंद्रात, मग म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात आणि शेवटी बांबोळीला जातो. दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ल्याचे रुग्णही बांबोळीलाच येतात. २०१८ साली परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावले तेव्हा दोडामार्गात आंदोलन झाले ते आपल्याला आठवत असेल. ही वाट आपुलकीची आहे आणि ती चालू राहावी. पण प्रत्येक टप्प्यावर वेगळे अँटिबायोटिक सुरू होते, आधीचे अर्धे राहते, आणि रुग्णाबरोबर त्याचे जंतूही पुढच्या टप्प्याला जातात. मोपाच्या पठारावर विमानतळ झाल्यापासून तर ही वाट थेट जगाला जोडली गेली आहे. स्वीडनच्या त्या रुग्णाचा जंतूही विमानानेच गेला होता.

धारगळला आयुर्वेदाचे मोठे इस्पितळ झाले, शिरोड्याला होमिओपॅथीचे महाविद्यालय आहे. आम्हा आयुषवाल्यांना आता मान आहे, आणि मानाबरोबर जबाबदारी येते. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका होमिओपॅथाच्या खटल्यात निकाल दिला. त्याने तापाच्या रुग्णाला अ‍ॅलोपॅथीची औषधे दिली, त्यांत अँटिबायोटिकही होते, आणि रुग्ण दगावला. ज्या पॅथीचे शिक्षण घेतले नाही तिची औषधे देणारा त्या पॅथीपुरता भोंदूच होय, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता. पुढे २०१४ साली महाराष्ट्राने कायदा बदलून, एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम करणाऱ्या होमिओपॅथांना ती वाट उघडली आणि त्यावरचा वाद न्यायालयात गेला. कायद्याचे जे व्हायचे ते होवो. माझे मत मी माझ्या तरुण सहकाऱ्यांना नेहमी सांगतो. रुग्णाला तिसऱ्या दिवशी बरे वाटावे म्हणून उपलब्ध असलेले सर्वांत तिखट अँटिबायोटिक देणे, ही आपली पॅथीही नाही आणि त्यांचीही नाही. आपले काम धोक्याची खूण वेळेवर ओळखून रुग्णाला पुढे पाठवणे हे आहे.

नियम नाहीत असे नाही. मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ लागू आहे. त्यातली अँटिबायोटिक फार्मसीवाल्याने चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, रुग्णाचे आणि डॉक्टरचे नाव वहीत लिहायचे आणि ती वही तीन वर्षे जपायची. २०१६ पासून औषधांच्या पट्टीवरच्या लाल रेघेचा प्रचार झाला. २०१७ साली राष्ट्रीय कृती आराखडा आला. २०१९ साली कोंबड्यांना आणि जनावरांना वाढीसाठी कोलिस्टिन देण्यावर बंदी आली, कारण कोलिस्टिन हेच माणसासाठी उरलेल्या अखेरच्या औषधांपैकी एक. नियम चांगले आहेत. पण फार्मसीच्या काउंटरवर 'मागच्या वेळचीच पट्टी द्या' म्हणणारे आपणच असतो, आणि आपण ओळखीचे असतो.

अनर्थदंड

डिचोली तालुक्यात कुडण्याला गुजिराचे अवशेष आहेत, नार्व्याला जैनकोट आहे. माझ्या धर्माची माणसे या मातीत शतकानुशतके नांदली, याची ती खूण. जैन श्रावकाच्या व्रतांत एक व्रत आहे, अनर्थदंडविरती. संसारात काही हिंसा अटळ असते हे ते व्रत मान्य करते. चूल पेटवावी लागते, शेत नांगरावे लागते. पण ज्या हिंसेने कोणाचेच प्रयोजन साधत नाही ती टाळ, एवढेच ते सांगते. न्यूमोनियाच्या जंतूला मारणे हे प्रयोजन आहे. सर्दीसाठी आतड्यातल्या कोट्यवधी निरपराध जिवांचा संहार करणे हा अनर्थदंड आहे, आणि त्याचा दंड भरावा लागतो तो अतिदक्षता विभागात पडलेल्या दुसऱ्याच कोणाला तरी.

पाणी गाळून पिण्याच्या आमच्या रिवाजाला लोक हसत. बांगलादेशात जुन्या साडीच्या अनेक पदरांतून पाणी गाळायला लावले तेव्हा पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी उतरल्याचे २००३ साली प्रसिद्ध झाले. फडक्याने सगळे जंतू अडत नाहीत, पाणी उकळणे उत्तमच. मी हे सांगतो ते एवढ्यासाठी की जो आजार झालाच नाही त्याला औषध लागत नाही, आणि न वापरलेल्या औषधाची ताकद शिल्लक राहते.

काय करता येईल

निराश होण्याचे कारण नाही. इंग्लंडमध्ये मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकसने इस्पितळांत थैमान घातले होते. २००४ साली सरकारने रक्तातले असे संसर्ग २००८ पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. प्रत्येक इस्पितळाने आकडे जाहीर करायचे, खाटेजवळ हात चोळायचे द्रावण ठेवायचे, नळ्या वेळेवर काढायच्या. उद्दिष्ट गाठले गेले, आणि त्यासाठी कोणत्याही नव्या औषधाची वाट पाहावी लागली नाही. ताव्हेर्नियेच्या गोव्यात व्यवस्था बिघडली आणि माणसे मेली, इंग्लंडमध्ये व्यवस्था सुधारली आणि माणसे वाचली. गोष्ट एकच आहे.

व्यवस्था सुधारण्याचे मुख्य काम इस्पितळांचे आणि शासनाचे आहे. आपल्या इस्पितळांनीही आपले संसर्गाचे आकडे दरवर्षी जाहीर करावेत, ही मागणी आपल्यासारख्या जुन्या, सुशिक्षित कुटुंबांनी लावून धरली पाहिजे. आकडे विचारणे म्हणजे डॉक्टरांवर आरोप करणे नव्हे. हिंदुजातल्या संशोधकांनी आपले आकडे स्वतःहून छापले, म्हणून त्यांची पत वाढली.

काही काम मात्र आपल्याच हातात आहे. आपल्याकडे गावातला कोणी इस्पितळात पडला की अख्खा वाडा गाडी करून बांबोळीला भेटायला जातो. न गेल्यास लोक काय म्हणतील, ही भीती असतेच. आपण खाटेवर टेकतो, रुग्णाच्या डोक्यावरून हात फिरवतो, तोच हात पुढच्या खाटेवरच्या ओळखीच्या माणसाच्या खांद्यावर ठेवतो. माया त्यात आहे, आणि जंतूही. एका घरातून एकाने जावे, आत जाताना आणि बाहेर येताना हात धुवावेत, खाटेवर बसू नये. माणूस घरी आल्यावर त्याला भेटायला पुष्कळ दिवस असतात. रुग्णाजवळ थांबणाऱ्याने 'ही नळी अजून लागते का?' असे डॉक्टरांना रोज एकदा विनयाने विचारावे. आणि घरातल्या औषधांच्या डब्यात उरलेली अँटिबायोटिकची अर्धी पट्टी असेल तर ती शेजारच्या काकूंना देऊ नये, पुढच्या तापासाठीही ठेवू नये. डॉक्टरांनी सांगितली तेवढी मात्रा, सांगितले तेवढे दिवस, बस्स.

आपल्या पूर्वजांनी दूषित पाण्यामुळे आणि तापामुळे एक वैभवशाली शहर ओस पडलेले पाहिले. त्यांना जंतू माहीत नव्हते, आपल्याला माहीत आहेत. त्यांना सबब होती, ती आपल्याला उरलेली नाही. पिंपरीच्या कारखान्याने आपल्या आईवडिलांना जी ताकद दिली ती नातवंडांपर्यंत पोचवायची की आपल्याच हयातीत संपवायची, याचा निर्णय रोज कुठल्या तरी फार्मसीच्या काउंटरवर होत असतो.